भुयारखेडीत पान लागून कोणी मरत नाही

माणसाला मिरवायला काहीतरी लागतं, तसं गावालाही लागतं. कुणाकडे किल्ला असतो, कुणाकडे जत्रा, कुणाच्या गावचा पोरगा आमदार झालेला असतो. भुयारखेडीकडे यातलं काही नव्हतं. मौद्याच्या आत, नाल्याकाठी, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, बुडालेलं एवढंसं गाव. पावसाळ्यात एस.टी.सुद्धा नाल्यापलीकडच्या डांबरी रस्त्यावरूनच तोंड फिरवून जायची. पण बढाया मारायच्या म्हटलं तर भुयारखेडीवाला कुणाच्या बापाला ऐकत नसे. तळ्यातला दगड दर शिवरात्रीला तांदळाएवढा वाढतो. नागोबाच्या ओट्याखालून भुयार निघतं ते थेट रामटेकच्या गडावर. एकदा त्यात बकरी सोडली होती, ती तिकडे निघाली आणि तीही गाभण होऊन. बकरी कुणाची, सोडली कोणी, हे विचारायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भुयारखेडीत पान लागून कोणी मरत नाही.

पान लागणं म्हणजे साप चावणं. भुयारखेडीत सापाचं नाव कोणी तोंडातून काढत नसे. पान लागलं की माणसाला नागोबाच्या ओट्यावर निजवायचं, कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा. पाला कडू लागला की उतरलं. तोवर त्याने नाला ओलांडायचा नाही. आजवर एकही माणूस दगावला नाही, असं पुजारी वामनराव सांगायचा, आणि त्याआधी त्याचा बाप सांगायचा.

वामनरावाची बायको सुभद्रा हे सगळं ऐकत या घरात म्हातारी झाली. ती काही आंधळी नव्हती. इंदूबाईचा नवरा धान कापताना पडला, त्याचा पाय मांडीपर्यंत काळा पडला होता, पण गावाने ठरवलं की त्याला कावीळ झाली. वच्छलाच्या दिराला शेवटच्या घटकेला बंडीत, बैलगाडीत, घालून नाल्यापार नेला आणि तिथे बाभळीखाली त्याने डोळे मिटले. नाल्यापार मेला म्हणजे गावात मेला नाही. असा तो हिशेब. सुभद्राने हे सारं पाहिलं आणि पदराच्या आतच ठेवलं. पुजाऱ्याच्या बायकोने बोलायचं असतं कुठे.

त्या आखाडात सरपंच रुपरावचा भाचा आला, रोहित. नागपुरात हुडकेश्वरला राहायचा आणि मोबाईलवर ‘आपल्या जिल्ह्यातली अजब गावं’ दाखवायचा. रुपरावच्या डोक्यात नागोबाच्या देवस्थानाला सरकारी यादीत ‘क’ दर्जा मिळवायचं भूत शिरलं होतं. दर्जा मिळाला की सभामंडप, सभामंडप आला की नाल्यावर पूल, असं तो पारावर बसून बोटांवर मोजत सांगायचा. त्याने भाच्याला सरळ वामनरावाच्या ओसरीवर आणून बसवलं.

वामनराव धुतलेला सदरा घालून बसला. सुभद्राने चहा आणला, सून कामिनी दाराआड उभी राहिली.

"आजोबा, एकही नाही?" रोहितने काठीला लावलेला मोबाईल पुढे करत विचारलं.

"एकही नाही." वामनरावने मिशीवरून हात फिरवला. "माह्या आजाच्या काळापासून नाही. नागोबाचं वचन हाये गावाले."

आत कामिनीने पदर तोंडाला लावला. ती हिंगण्याकडची, बारावी झालेली, आणि तिची जीभ जरा मोकळी होती. "आई, मंग इंदूबाईचे घरवाले कायनं गेले?"

"चूप राह्य," सुभद्रा म्हणाली. "कावीळ होती."

"पायाची कावीळ?"

सुभद्राला हसू आलं. तिने ते गिळलं आणि सुनेच्या दंडाला चिमटा काढला. त्या घरात हसणाऱ्या दोघीच होत्या. सुभद्राचा मुलगा सुशील कळमेश्वरला कंपनीत होता, रविवारी यायचा आणि झोपायचा.

आठवड्याभरात पाऊस धरला आणि रोवणी लागली. बांध्यांत गुडघ्याएवढा चिखल. बाया पाठीवर प्लॅस्टिकच्या खोळी बांधून, कंबरेत वाकून, उलट्या सरकत पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, रोवत होत्या. वाकलेल्या बाईला आभाळ दिसत नाही, फक्त आपले हात आणि शेजारणीच्या पोटऱ्या दिसतात. वच्छला गाणं म्हणत होती, बाकीच्या मागून ओढत होत्या. कामिनी धुऱ्यावर, बांध्यांमधल्या वरंब्यावर, ठेवलेल्या पऱ्ह्यांच्या पेंढ्या आणायला गेली. धुऱ्यावरचं गवत ओलं आणि दाट होतं.

तिने ओरडा केला नाही. "आई," एवढंच म्हणाली, आणि धुऱ्यावर बसली.

सुभद्राने मान वर केली तेव्हा गवतातून जाड, ठिपक्याठिपक्यांचं अंग सावकाश सरकताना दिसलं. परड. घोणस म्हणतात तीच. कुकरच्या शिटीसारखा तिचा फूत्कार सगळ्या बायांनी ऐकला आणि गाणं बंद पडलं. कामिनीच्या पायाच्या अंगठ्यापाशी दोन ठिपके, आणि त्यातून रक्त थांबत नव्हतं.

"पान लागलं," वच्छला म्हणाली. "उचला वं बाया. ओट्यावर न्या."

"रस्त्यावर न्या," सुभद्रा म्हणाली.

बाया तिच्याकडे पाहत राहिल्या. पुजाऱ्याची बायको असं बोलेल हे त्यांच्या कानाला खरं वाटेना. मग त्यांनी कामिनीला उचललं आणि चिखलाच्या पायांनी गावाकडे नेलं. सुभद्रा मागून धावली. चिखलात तिची चप्पल राहिली, ती तिने काढली नाही.

ओट्यावर शेंदराचा नागोबा आणि वर पत्र्याचं छप्पर. पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की मोठ्याने बोलावं लागे. वामनरावने सुनेचं डोकं उत्तरेला करून निजवलं. पाय पोटरीपर्यंत सुजला होता, कातडी ताणून चकचकीत झाली होती. कामिनी ओठ चावत होती. तिच्या हातात निंबाचा पाला दिला.

सुनेला वाटलं, कडू म्हटलं की सोडतील. ती म्हणाली, "कडू हाये. बाबा, कडू हाये. मले दवाखान्यात न्या."

वामनरावने हात जोडले. जमलेल्या माणसांत हलकं हसू फिरलं. रुपराव छत्रीखालून म्हणाला, "उतरलं मंग. आता दवाखाना कायले?"

झालं. कडू लागलं नसतं तर कडू लागेपर्यंत थांबायचं होतं, आणि कडू लागलं तर जायचं कारणच उरलं नाही. इकडे आड, तिकडे विहीर. सुभद्राच्या आयुष्यात ही गोष्ट इतकी उघडी तिला कधी दिसली नव्हती. तिने सुनेच्या तोंडातला चोथा आपल्या तळहातावर घेतला. हिरव्या चोथ्यात लाल रक्त होतं. हिरड्यांतून रक्त येत होतं.

"हे पाहा," तिने तो तळहात नवऱ्यापुढे धरला.

"निंबानं हिरड्या सोलतेत," वामनराव म्हणाला. पण त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

"गाडी द्या तुमची, रुपरावभाऊ."

"गाडीत डिझेल नाही, सुभद्राबाई."

ज्याच्या त्याच्या गाडीत त्या दिवशी डिझेल नव्हतं. छोटा हत्तीवाला गोलू पाराच्या मागे जाऊन उभा राहिला होता आणि आपण दिसत नाही असं समजत होता.

सुभद्रा घरी आली. बैल चिखलणीवरून आणून बांधले होते. तिने बंडी ओढून काढली, जू उचललं. बाई माणसाने जू उचलायचं नसतं त्या गावात, पण त्या दिवशी कुणाला विचारायला तिला सवड नव्हती. बैल जुवाखाली आणले आणि पाहते तर जुवाच्या शिवळा नाहीत. बैलाची मान अडकवायच्या त्या चार लाकडी खुंट्या सकाळी तर जागेवर होत्या. ओसरीत वामनराव येऊन बसला होता. त्याच्या मांडीखालून एका शिवळेचं टोक दिसत होतं.

"उठा," ती म्हणाली.

तो उठला नाही. "देवाचं नाव जाईन, सुभद्रे. चार पिढ्यांचं हाये."

"पोरीचा जीव जाऊन राहिला."

"नाही जात. आजवर गेला का?"

नवरा अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा शिवळांवर बसला आहे हे पाहून तिला त्याही घटकेला किळस आली. तिने साडीचा काठ दाताने फाडला, पिळून दोरी केली आणि बैलांच्या माना जुवाला बांधल्या. बैल बिचकले, एकाने तिच्या पावलावर खूर ठेवला. अंगठ्याचं नख निघालं ते तिला दवाखान्यात गेल्यावर कळलं.

ओट्यावरून कामिनीला उचलून बंडीत घालायला कोणी पुढे आलं नाही. कोणी अडवलंही नाही. सुभद्राने तिला काखेत धरून ओढलं, सुजलेला पाय ओट्याच्या कडेला आपटला आणि कामिनी जनावरासारखी ओरडली. तेव्हा काही बायांनी डोळ्यांना पदर लावले. पदर लावायला हात मोकळे होते, उचलायला नव्हते.

नाल्याला पोटऱ्यांएवढं पाणी होतं. काठावर रुपराव उभा होता. "ओलांडलं त ओलांडलं," तो म्हणाला. "मंग वापस येताना गावाचं तोंड पाहू नका."

सुभद्राने बैलांना हाकारलं.

डांबरी रस्त्यावर वीजकेंद्राची राख नेणारा ट्रक मिळाला. ड्रायव्हर बिहारकडचा होता. त्याने काही विचारलं नाही, "चढ़ाओ माई," म्हणाला आणि केबिनमध्ये जागा केली. बैल तिथेच रस्त्यावर सोडून दिले. मौद्याच्या दवाखान्यात लगेच इंजेक्शन सुरू झालं आणि ॲम्ब्युलन्सने नागपूरला मेडिकलमध्ये, सरकारी मोठ्या दवाखान्यात, पाठवलं. जीव वाचला. पाय सडत गेला. उजव्या पावलाचा पुढचा भाग, बोटांसकट, कापावा लागला. लवकर आणली असती तर पाय राहिला असता, असं तिथली नर्स पट्टी बदलताना म्हणाली. सुभद्राने मान हलवली.

सुशील कळमेश्वरहून आला. बायकोच्या पायाकडे पाहून बाहेर व्हरांड्यात गेला, आणि आई मागून आल्यावर म्हणाला, "आई, गावासोबत भांडण काहून केलं वं तू?"

तिने त्याला खाली जाऊन बिस्किटं आणायला सांगितलं.

परत आल्या तेव्हा नाल्याच्या रपट्यावर, पाण्यातल्या बुटक्या फरशीवर, रुपराव दोन माणसं घेऊन बसला होता. गोड बोलला. "आम्ही कोणाले रोकत नाही, सुभद्राबाई. बहिष्कारावर कायदा हाये आता, मले समजते. तुम्ही या. फक्त तुमच्याशी कोणी बोलन नाही, तुमच्या बांधीत कोणी येईन नाही, आणि वामनरावनं घराले कुलूप लावलं हाये. ते त्याचं घर हाये, त्याले मी काय म्हणू?"

नाल्यापलीकडे त्यांचा शेतातला गोठा होता. दोघी तिथे राहिल्या. खाली शेण, वर गळकं छप्पर, तीन दगडांची चूल. कामिनीच्या पट्टीवर माश्या बसत, सुभद्रा पदराने वारत राही. रोज पट्टी उकळायची, वाळायला ऊन नाही, चुलीच्या धुरावर वाळवायची. पऱ्हे पिवळं पडत चाललं होतं, पण रोवणीला एक बाई फिरकली नाही. सुभद्रा एकटीच बांधीत वाकायची. एकट्या बाईने रोवलेली बांधी कधी भरत नाही. संध्याकाळी मागे वळून पाहिलं की हिरवं थोडं आणि पाणीच जास्त. वच्छला धुऱ्यावरून जायची ती मान वळवून. जिच्या बाळंतपणात सुभद्राने उशाशी बसून रात्री काढल्या, ती.

वामनराव एकदाही आला नाही. बैल तेवढे त्याने रस्त्यावरून घरी नेले होते.

कामिनी फार बोलायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "आई, मले अंगठ्याले खाज सुटते. जो नाही त्यालेच."

सुभद्राने पट्टीच्या पुढची रिकामी जागा खाजवली. मग दोघींना हसू आलं, आणि हसताहसता कामिनी रडायला लागली.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी रुपराव छत्री घेऊन गोठ्यात आला. खाली बसला नाही, बसायला कोरडी जागाही नव्हती.

"उद्या रोहित येऊन राहिला," तो म्हणाला. "देवस्थानाचे साहेबही येतीन. मी काय म्हणतो, सुनबाई वाचली ना? मंग गावाची गोष्ट खोटी कुठं झाली? एवढी मोठी परड, आणि पोरगी जित्ती. ओट्यावर बसून तिनं दोन शब्द बोलावं. नागोबानं वाचवलं म्हणावं. तिथून सरळ घरी जा. परवा सकाळी साऱ्या बाया तुमच्या बांधीत येतीन, माही जबाबदारी."

"इंजेक्शननं वाचली मी," कामिनी आतून म्हणाली.

"इंजेक्शन कोणाच्या कृपेनं लागू पडते, बाई?" रुपराव हसला आणि गेला.

रात्री छपरातून पाणी टपकत होतं. कामिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी नाही बोलणार. त्याईनं माहा पाय खाल्ला."

सुभद्राने टपकणाऱ्या पाण्याखाली भांडं सरकवलं. तिला घरची चूल दिसत होती, कोरडी जमीन दिसत होती, पिवळं पऱ्हे दिसत होतं. या बाईने जू उचललं होतं, पण जू उचलायला एक घटका पुरते. गोठ्यात राहायला रोजचा दिवस लागतो, आणि ती थकली होती.

"बोलून टाक," ती म्हणाली. "दोन शब्दच त हाये. जीभ काही झडत नाही."

कामिनीने मान वळवून सासूकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिला नवीन लुगडं नेसवून ओट्यावर बसवलं. रोहितने मोबाईल लावला, मागेपुढे झाला, आणि म्हणाला, "वहिनी, पायावर पदर घ्या जरा. फ्रेममध्ये बरं नाही दिसत." सुभद्रानेच पुढे होऊन सुनेच्या पायावर पदर ओढला.

"मले नागोबानं वाचवलं," कामिनी म्हणाली. "निंबाचा पाला खाल्ला, कडू लागला, आणि उतरलं."

"दवाखान्यात गेल्या होत्या का, वहिनी?"

कामिनी थांबली. रुपराव खोकला. वामनराव हात जोडून नागोबाकडे पाहत होता.

"नाही," ती म्हणाली.

घराचं कुलूप निघालं. बाया बांधीत आल्या, उशिराचं का होईना पऱ्हे रोवून झालं. वच्छला सुभद्राच्या शेजारी वाकून म्हणाली, "कायले एवढा ताण केला वं तू? मानलं असतं त पहिलेच झालं असतं." सुभद्राने हातातली पेंढी तिच्याकडे फेकली आणि रोवत राहिली.

व्हिडिओ खूप चालला. रविवारी माणसं येऊ लागली, कोणी नागपूरहून, कोणी भंडाऱ्याहून. तळ्यातल्या दगडापाशी फोटो काढायची, भुयाराच्या भोकात मोबाईलची बॅटरी मारायची, बकरीची गोष्ट ऐकून हसायची, आणि मग म्हणायची, ती व्हिडिओतली बाई कुठं आहे? वामनराव कामिनीला हाक मारायचा. ती कुबडीवर यायची, ओट्यावर बसायची, पदर पायावर घ्यायची. पुढेपुढे तिला सांगावंही लागत नसे. वामनराव तिच्याशी गोड बोलू लागला होता. सुशीलनेही कंपनीतल्या मित्रांना व्हिडिओ दाखवला.

दिवाळी झाली. धान कापणीला आलं. त्या दिवशी सुभद्रा आणि कामिनी अंगणात होत्या. कामिनी बसल्या बसल्या विळ्याला धार लावत होती. नाल्याकडून एक ऑटो धडधडत आला आणि थेट ओट्यापाशी थांबला.

ऑटोतून एक माणूस उतरला, अंगात घरातलाच बनियन. मागच्या सीटवर त्याची पोरगी होती, नववी-दहावीतली, शाळेच्या गणवेशात. एक बूट पायात होता, दुसरा पाय उघडा आणि सुजलेला. त्याचं नाव बाबनराव, उमरेडचा. बापजाद्यांचा हातमाग बंद पडल्यावर ऑटो चालवायचा. पोरगी धनश्री. सायकल काढायला कोपऱ्यात हात घातला, पायाशीच होती परड.

"व्हिडिओतल्या ताई कुठं हायेत?" तो विचारत होता. "कामिनीताई?"

सुभद्राच्या हातातलं सूप खाली पडलं. ती धावतच गेली. "दवाखान्यात न्या. भाऊ, इथून मौदा जवळ हाये. आत्ताच्या आत्ता न्या."

"दवाखाने रस्त्यात लागले न, मावशी," तो समजावल्यासारखा म्हणाला. "मी थांबलो नाही. लोक म्हणे इथंच ने."

वामनरावने तोवर पोरीला ओट्यावर निजवलं होतं. डोकं उत्तरेला. निंबाची डहाळी आली होती. रुपरावही आला होता, आणि भोवती माणसं जमली होती. कुणीतरी मोबाईल काढला.

"लेकरा, चावून पाह्य," वामनराव म्हणाला. "कडू लागते?"

पोरीने चावून पाहिलं. खोटं बोलायचं तिला सुचलं नाही. "नाही लागत, बाबा," ती बापाकडे पाहून म्हणाली.

"मंग थांबा लागते," वामनराव म्हणाला. "कडू लागेपर्यंत नाला नाही ओलांडायचा."

कामिनी कुबडी टेकत आली. गर्दीने तिला वाट दिली. बाबनरावने तिला पाहिलं आणि त्याच्या तोंडावर असा उजेड आला की सुभद्राला पाहवेना.

"ताई," तो म्हणाला. "तुम्ही बसा तिच्यापाशी. हात ठेवा."

कामिनीने कुबडी फेकली आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर ओढलं. अर्ध्या पावलाचा तो जांभळा थोटा तिने सगळ्यांसमोर ओट्यावर ठेवला. "हे पाहा. हे नागोबानं केलं. मी इंजेक्शननं वाचली. मेडिकलमध्ये होती मी, विचारा माह्या सासूले. खोटं बोलली मी व्हिडिओत. उचला तिले."

"खरं सांगून राहिली," सुभद्रा म्हणाली. "भाऊ, खरं हाये."

बाबनराव दोघींकडे पाहत राहिला. मग रुपरावकडे पाहिलं. रुपराव हळू आवाजात म्हणाला, "डोक्यावर थोडा परिणाम झाला तिच्या, पाय गेल्यापासून. पण जीव वाचला ना? तो पाहा." आणि बाबनरावच्याच मोबाईलवर कोणीतरी व्हिडिओ लावून दिला. नवीन लुगडं, पायावर पदर, आणि कामिनीचा आवाज. मले नागोबानं वाचवलं. दवाखान्यात गेल्या होत्या का, वहिनी? नाही.

बाप दोन कामिनींच्या मध्ये उभा राहिला, एक मोबाईलमधली आणि एक समोरची. मोबाईलमधली शांत होती. समोरची केस सुटलेली, ओरडत होती. त्याने शांत होती तिच्यावर विश्वास ठेवला.

सुभद्राने पोरीला काखेत धरून उचलायला घेतलं. या वेळी गावाने अडवलं. बाया पुढे झाल्या, वच्छलाने तिचे दोन्ही हात मागून धरले. "आता क दर्जाचे कागद वर गेले हाये वं," ती कानाशी पुटपुटली. "आता नको करू." सुभद्राने झटापट केली, तिची बांगडी फुटून मनगटात घुसली, पण वच्छलाचे हात रोवणीचे हात होते.

पोरीला तहान लागली. मग तिला ओकारी झाली, तिच्यात रक्त होतं. बाप निंब चावून पाहत होता, स्वतःच, पुन्हापुन्हा, जणू त्याला कडू लागलं तर चालेल. पोरगी मध्येच म्हणाली, "बाबा, शाळेत सांगा, आज येत नाही." उन्हं कलली तेव्हा बापाला उमगलं. त्याने वामनरावला ढकललं आणि तिला उचलून ऑटोकडे धावला. पण तिची मान मागे पडली होती. नाला अजून बराच पुढे होता.

तो पोरीला मांडीवर घेऊन ऑटोच्या पायरीवर बसला. गर्दी मागे सरली. ज्याने मोबाईल काढला होता त्याने तो खिशात घातला.

"माही काहून गेली?" त्याने वामनरावला विचारलं. रागाने नाही, खरोखर विचारलं. "तुमच्या गावात कोणी मरत नाही ना?"

वामनरावने रुपरावकडे पाहिलं. बोलला रुपराव. "गावचं कोणी मरत नाही, भाऊ. तुमची पोरगी गावची नव्हती."

माणसांनी माना हलवल्या. एवढा सोपा जबाब आपल्याला आधी सुचला नाही याचं दोघाचौघांना नवलही वाटलं. हळूहळू गर्दी पांगली. धान कापायचं राहिलं होतं.

वच्छलाने हात सोडले तशी सुभद्रा ऑटोपाशी गेली. बाबनराव पोरीची ओढणी घेऊन तिला सीटच्या दांड्याला बांधत होता, उमरेडपर्यंत घसरून पडू नये म्हणून. गाठ नीट बसत नव्हती. सुभद्राने हात लावला, गाठ मारून दिली.

"मावशी," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "ते तुमची सून आज बोलली, ते खरं होतं ना?"

"हो."

"मंग तवा काहून नाही सांगितलं? व्हिडिओत?"

सुभद्राला उत्तर ठाऊक होतं. ते फार लहान होतं, आणि त्याच्यापुढे ठेवायची लाज वाटत होती. गळका गोठा, माश्या, पिवळं पऱ्हे, हे सगळं तिच्या जिभेवर आलं आणि त्या बांधलेल्या पोरीकडे पाहून मागे गेलं.

"आमाले घरी यायचं होतं, बाबू," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. ऑटोत बसला. "मलेही घरीच जायचं हाये," म्हणाला आणि ऑटो सुरू केला. नाल्याच्या पाण्यातून जाताना ऑटो एकदा हेलकावला, पण गाठ सुटली नाही.

कामिनी ओट्याच्या पायरीवर बसली होती, पाय तसाच उघडा. सुभद्रा तिच्याजवळ आली. सुनेने वर पाहिलं नाही. "जीभ नाही झडत, आई," ती म्हणाली. "बरोबर म्हणत होत्या तुम्ही."

ओट्यावरून वामनरावने हाक मारली. ओट्यावर रक्त आणि निंबाचा चोथा पडला होता, आणि उद्या रविवार होता. सुभद्राने विहिरीवर जाऊन बादली भरली आणि ओटा धुवायला घेतला.